कल्याणच्या पुढे राहायला आलात? मध्य रेल्वेच्या लोकलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, आसनगाव, नेरळ. दरवर्षी या भागात नवी माणसं राहायला येतात. घराच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' एवढंच लिहिलेलं असतं, स्टेशनवर पोचल्यानंतरचं कुणी सांगत नाही. आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की तो पहिल्या आठवड्यात ठरावीक प्रश्न घेऊन माझ्याकडे येतो. वीसेक वर्षं बदलापूरहून भायखळ्याला जाऊन-येऊन जी उत्तरं जमली, ती इथे एकत्र केली आहेत.

ही लाईन नेमकी कुठून कुठे जाते?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत एकच वाट आहे, सुमारे ५४ किलोमीटर. कल्याणला तिला फाटा फुटतो. एक फाटा शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, तानशेत, खर्डी, उंबरमाळी करत कसाऱ्याला पोचतो. सीएसएमटीपासून कसारा सुमारे १२१ किलोमीटर. दुसरा फाटा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड असा कर्जतला, म्हणजे १०० किलोमीटरवर. कर्जतहून आणखी एक छोटी शाखा पळसदरी, केळवली, डोलवली, लौजीमार्गे खोपोलीला जाते.

हार्बर (सीएसएमटी–पनवेल) आणि ट्रान्सहार्बर (ठाणे–वाशी–पनवेल) या मध्य रेल्वेच्याच, पण वेगळ्या लाईनी आहेत. इथे सगळं 'मेन लाईन'बद्दल आहे.

कल्याणलाच फाटा का?

कारण समोर सह्याद्री आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडली होती. पुढच्याच वर्षी, १८५४मध्ये, रूळ कल्याणला पोचले. तिथून देशावर चढायला दोन वाटा होत्या: नाशिककडे थळ घाट आणि पुण्याकडे बोर घाट. म्हणून एक लाईन ईशान्येला वळली आणि एक आग्नेयेला. खोपोलीला रेल्वे १८५६मध्ये आली. तेव्हा ते घाटाच्या पायथ्याचं शेवटचं स्टेशन होतं. पुढे बोर घाटाची लाईन मात्र कर्जतकडून वर चढवली, ती १८६३मध्ये सुरू झाली आणि खोपोली बाजूला पडली. आजही पळसदरी–खोपोली एकेरी मार्ग आहे आणि गाड्या मोजक्याच आहेत. घर बघायला खोपोलीला जाणार असाल तर आधी वेळापत्रक बघा, मग घर.

लोकल कसारा-कर्जतलाच का थांबते? इगतपुरी, लोणावळ्याला का जात नाही?

दोन्ही घाटांत ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे. रेल्वेच्या हिशेबात हा फार तीव्र. मेल-एक्सप्रेस गाड्यांनासुद्धा तिथे जादा इंजिनं लावावी लागतात, त्यांना 'बँकर' म्हणतात. कर्जतला किंवा कसाऱ्याला गाडी थोडी रेंगाळते आणि मागून हलकासा धक्का बसतो, तो बँकर जोडल्याचा. उपनगरी गाडीची हद्द म्हणूनच घाटाच्या पायथ्याशी संपते.

इंडिकेटरवरची अक्षरं कशी वाचायची?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो विचारला न जाता चुकीच्या गाडीत बसलेली माणसंही पुष्कळ.

फलाटावरच्या इंडिकेटरवर पहिलं अक्षर गाडी कुठवर जाणार ते सांगतं. टी म्हणजे ठाणे, डीएल डोंबिवली, के कल्याण, ए अंबरनाथ, बीएल बदलापूर, टीएल टिटवाळा, एएन आसनगाव, केपी खोपोली. इथवर सोपं आहे. गोम पुढे आहे: कर्जत म्हणजे 'एस' आणि कसारा म्हणजे 'एन'. कर्जत-कसाऱ्याच्या नावात ही अक्षरं शोधू नका, सापडणार नाहीत. ती आली आहेत जुन्या काळातल्या लाईनींच्या इंग्रजी नावांवरून. ईशान्येकडची ती एन, आग्नेयेकडची ती एस. दीडशे वर्षांपूर्वीचा फाटा असा अजून पाटीवर टिकून आहे.

गावाच्या अक्षरानंतर गतीचं अक्षर येतं: एफ म्हणजे जलद, एस म्हणजे धीमी. म्हणजे 'एस' दोन जागी, दोन अर्थांनी येऊ शकतो. पहिल्या जागी एस असेल तर कर्जत, दुसऱ्या जागी असेल तर धीमी. शेजारचा १२ किंवा १५ हा आकडा डब्यांचा.

नवीन असताना मी एकदा घाईत 'एन'ला बदलापूरची गाडी समजून चढलो होतो. कल्याणनंतर शहाड आलं तेव्हा डब्यातले एक काका म्हणाले, "आता टिटवाळ्याचा गणपती करूनच परत जा." तेव्हापासून चढण्याआधी मान वर करायची सवय लागली. फलाटावरच्या माणसाला "बदलापूर जाएगी क्या?" विचारण्यापेक्षा अक्षर वाचणं बरं, कारण उत्तर देणाराही पुष्कळदा अंदाजानेच सांगत असतो.

जलद आणि धीमी यांत फरक किती?

सीएसएमटी ते कल्याण जलद गाडीला साधारण तास लागतो, धीमीला जवळपास दीड. जलद गाडी भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे थांबते. काही जलद गाड्या विक्रोळी, भांडुप, मुलुंड, दिवा इथेही थांबतात आणि ते गाडीगणिक बदलतं. कल्याणच्या पुढे जलद-धीमी हा भेदच उरत नाही, सगळ्या गाड्या सगळीकडे थांबतात.

चिंचपोकळी, करी रोड, माटुंगा, विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर असं ऑफिस असेल तर जलद गाडीने जवळच्या थांब्यापर्यंत या आणि तिथून धीमी पकडा. मात्र दर वेळी गाडी बदलून वेळ वाचतोच असं नाही. पूल चढून-उतरून दुसरी गाडी मिळेपर्यंत पहिली धीमी कधी कधी पुढे गेलेली असते. आठवडाभर दोन्ही करून बघा, घड्याळ सांगेल.

जुनी माणसं 'पारसिकचा बोगदा' म्हणतात तो कुठे गेला?

तो जागेवरच आहे, लोकल मात्र त्यातून जाणं थांबलं. ठाणे आणि दिवा यांच्यामधला सव्वा किलोमीटरहून थोडा लांब असा हा बोगदा १९१६मध्ये खुला झाला. शंभर वर्षं जलद लोकल त्यातून जात. दिवे गेलेल्या डब्यात अंधार पडला की कुणीतरी हमखास आरोळी ठोके. २०२२मध्ये ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, तेव्हा बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि जलद लोकल खाडीच्या बाजूने, कळवा-मुंब्र्याकडून जाऊ लागल्या.

तिकीट कुठे काढायचं?

खिडकीवर, एटीव्हीएम या स्वयंचलित तिकीट यंत्रावर किंवा मोबाईलवर. मोबाईलसाठी रेल्वेचं 'रेलवन' हे अ‍ॅप जुलै २०२५मध्ये आलं. मोबाईलचं बिनकागदी तिकीट स्टेशनच्या आवारात शिरल्यावर काढता येत नाही, हे लक्षात ठेवा. तपासनीस समोर दिसल्यावर खिशातून फोन काढणाऱ्यांसाठीच ती सोय केलेली आहे. घरातून निघताना किंवा रिक्षात बसल्यावर काढून ठेवा. एकेरी तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो.

दुसऱ्या वर्गाचं किमान भाडं ५ रुपये आहे. जुलै २०२५मध्ये देशभर रेल्वेची भाडी वाढली, पण लोकलचं तिकीट आणि पास त्यातून वगळले होते. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वयाला अर्धं. फलाट तिकीट १० रुपये, दोन तासांसाठी.

पास महिन्याचा काढावा की तीन महिन्यांचा?

नोकरी पक्की असेल तर मोठ्या मुदतीचा. तीन महिन्यांच्या पासाला महिन्याच्या पासाच्या २.७ पट पैसे लागतात, सहा महिन्यांच्या पासाला ५.४ पट आणि वर्षाच्या पासाला १०.८ पट. म्हणजे वर्षाचा काढलात तर सव्वा महिना जवळपास फुकट. नोकरी नवी असेल, शिफ्ट बदलणार असेल, आठवड्यातून दोन दिवस घरूनच काम असेल, तर मात्र आधी महिन्याचाच काढा आणि सुट्या तिकिटांशी हिशेब ताडून बघा.

पासावर दोन स्टेशनांच्या मधे कुठेही चढता-उतरता येतं. दादरहून पश्चिम रेल्वेने पुढे जायचं असेल तर दादरमार्गे एकच पास काढता येतो, दोन वेगळे काढायची गरज नाही. साध्या लोकलच्या पासावर मेल-एक्सप्रेसमध्ये चढू नका. "पुढच्या स्टेशनला उतरायचंय फक्त" हे तपासनिसाने आजवर हजारदा ऐकलेलं असतं.

विनातिकीट सापडलो तर?

भाडं अधिक २५० रुपये दंड. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गात सापडलात तर भाड्यातला फरक आणि वर दंड. 'चुकून चढलो' याला सूट नाही.

डबे ओळखायचे कसे?

लाल तिरके पट्टे म्हणजे पहिला वर्ग, हिरवे म्हणजे महिलांचा डबा. फलाटावर त्या त्या जागी तशाच खुणा असतात, पण बारा आणि पंधरा डब्यांच्या गाड्यांत जागा सरकते, म्हणून इंडिकेटरवरचा आकडा बघूनच उभं राहायचं. दिव्यांगांचा डबा छोटा असतो आणि बाहेर चाकाच्या खुर्चीचं चित्र असतं. तो डबा जिथे येतो तिथे बऱ्याच फलाटांवर पीप-पीप असा आवाज चालू असतो, दृष्टिहीन प्रवाशांसाठी. कर्करुग्णांना आणि गरोदर महिलांनाही या डब्यातून प्रवास करता येतो. हे अनेक बायकांना सातव्या महिन्यापर्यंत कुणी सांगितलेलंच नसतं.

बाकड्यांशिवायचा मोकळा डबा 'लगेज'चा. पाट्या, टोपल्या, डबेवाल्यांचे कॅरेट त्यातून जातात.

महिलांच्या डब्यात मुलगा नेता येतो का?

बारा वर्षांखालचा असेल तर हो. काही महिला डबे रात्री ठरावीक वेळेत सर्वांसाठी खुले होतात, काही चोवीस तास राखीव असतात. दाराजवळ तसं लिहिलेलं असतं.

एसी लोकल परवडते का?

मुंबईत पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ला धावली, ती पश्चिम रेल्वेवर. मध्य रेल्वेच्या मेन लाईनवर ती २०२०च्या डिसेंबरात आली. सुरुवातीला रिकामी धावायची. मे २०२२मध्ये सुट्या तिकिटाचे दर निम्म्यावर आणले आणि गाड्या भरू लागल्या. एसीचा पास साध्या लोकलच्या पहिल्या वर्गातही चालतो, हा त्याचा खरा फायदा. एसी गाडी हुकली तरी पैसे पाण्यात जात नाहीत.

दारं आपोआप बंद होतात आणि ती पूर्ण बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. त्यामुळे दारात अडकून "जरा आत व्हा" करणारा एक माणूस अख्खी गाडी थांबवून ठेवू शकतो. उकाड्याच्या दिवसांत, कडेवर मूल असताना किंवा पाठीचं दुखणं असेल तर एसीचे पैसे वसूल होतात. रोजच्या रोज लागतेच असं मला वाटत नाही, पण मी खिडकी मिळणाऱ्या स्टेशनवरून चढतो, तेव्हा माझं मत थोडं बेताने घ्या.

बसायला जागा कशी मिळते?

आता आलो मुद्द्यावर.

पहिला मार्ग: जी गाडी तुमच्याच स्टेशनवरून सुटते ती धरायची. बदलापूरकरांनी बदलापूर लोकल, अंबरनाथकरांनी अंबरनाथ लोकल. कर्जतहून येणारी गाडी दहा मिनिटं आधी पोचवते म्हणून तिच्यात घुसलात तर कल्याणपर्यंत तरी उभे.

दुसरा मार्ग 'डाऊन' करून येणं. डोंबिवलीचे लोक उलट दिशेने कल्याणला किंवा त्याच्याही पुढे जातात आणि तीच गाडी परतताना बसून येतात. नियमाने याला तितक्या अंतराचं तिकीट किंवा पास लागतो. डोंबिवलीचा पास असताना कल्याणहून बसून आलात तर तेवढा प्रवास विनातिकीटच.

तिसरा मार्ग विचारण्याचा. बसलेल्या माणसाला "कुठे?" एवढंच विचारायचं. तो "ठाणा" म्हणाला की ती जागा ठाण्यापासून तुमची. हा तोंडी करार पूर्ण डबा मानतो. मधेच दुसरा कुणी बसायला लागला तर आसपासचे चारजण "ते उभे आहेत त्यांनी विचारलंय" असं सांगतात.

बाकडं तिघांचं असतं, बसतात चौघं. चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर असतं, पण उभ्याने जाण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. चौथ्याला सरकून जागा न देणारा तिसरा डब्यात फारसा लोकप्रिय नसतो. खिडकीतही प्रतवारी आहे. गाडीच्या दिशेने तोंड असलेली ती हवेची खिडकी, तिच्यासाठी गाडी थांबायच्या आधीच उड्या पडतात. त्या उड्या तुम्ही मारू नका. मी मारायचो, एकदा गुडघा फुटला आणि थांबलो.

कर्जत-कसारा गाडीत डोंबिवलीकर चढले की भांडणं का होतात?

संध्याकाळी सीएसएमटीहून निघालेली कसारा जलद ही आसनगावच्या माणसाची हक्काची गाडी. ती गेली तर पुढची कधी कधी पाऊण तासाने. त्याच वेळी डोंबिवलीच्या माणसाला तिच्या आगेमागे कल्याण, अंबरनाथ, टिटवाळा अशा चार गाड्या असतात. तरी तो समोर आलेल्या पहिल्या गाडीत चढतो, डोंबिवलीला उतरायचं म्हणून दार सोडत नाही आणि खर्डीचा माणूस दादरच्या फलाटावर राहतो. उलट सकाळी ठाण्या-डोंबिवलीच्या माणसाला लांबून भरून आलेल्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तो वैतागतो. तिकीट सगळ्यांचं सारखंच, कुणी कुणाला अडवू शकत नाही आणि दार अडवणं तर गुन्हाच आहे. पण माझं मत विचाराल तर: पाच-सात मिनिटांत जवळची गाडी असेल तर लांबची गाडी लांबच्यांना सोडावी. आणि लांबच्यांनी दारात न थांबता आत जावं, कारण त्यांना उतरायला दीड तास आहे.

उतरायला कधी उठायचं?

दोन स्टेशनं आधी. दादरला उतरायचं तर कुर्ल्याला उठा आणि पुढच्याला "दादर?" विचारत पुढे सरका. तो "हो" म्हणाला तर त्याच्या मागे थांबा, "नाही" म्हणाला तर जागा बदला. फलाट कोणत्या बाजूला येणार हे आधी विचारून घ्या. पाठीवरची बॅग पुढे घ्या.

दादरला फलाटांचे आकडे पुन्हा शिकावे लागले असं म्हणतात ते काय?

पूर्वी पश्चिम रेल्वेचा एक नंबर आणि मध्य रेल्वेचा एक नंबर असे दोन 'एक' होते. डिसेंबर २०२३पासून सलग आकडे आहेत: पश्चिमेचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. जुने लोक अजून जुनेच आकडे सांगतात, तेव्हा पाटी बघा. सीएसएमटीला फलाट १ आणि २ हार्बरचे, मेन लाईनच्या लोकल ३ ते ७वर, त्यापुढे लांबच्या गाड्या.

कुठे उतरून कुठली लाईन मिळते?

पश्चिम रेल्वेसाठी दादर, किंवा परळला उतरून पुलावरून प्रभादेवी. हार्बरसाठी कुर्ला. वर्सोव्याच्या मेट्रोसाठी घाटकोपर. वाशी-पनवेलसाठी ठाणे. वसई आणि कोकणच्या काही गाड्यांसाठी दिवा. माथेरानच्या छोट्या गाडीसाठी नेरळ, ती गाडी १९०७पासून आहे.

रविवारी मेगाब्लॉक म्हणजे काय, आणि तो रविवारीच का?

रूळ, सिग्नल आणि वरची विजेची तार यांची कामं गाड्या चालू असताना करता येत नाहीत. रात्री गाड्या बंद असतात तो अवधी जेमतेम तीन तासांचा, त्यात मोठं काम बसत नाही. म्हणून रविवारी, गर्दी कमी असते तेव्हा, साधारण सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत एका भागातल्या दोन मार्गिका बंद ठेवतात आणि त्यांवरच्या गाड्या उरलेल्या दोन मार्गिकांवर वळवतात.

यात एक मेख आहे. धीम्या मार्गावर ब्लॉक असला की गाड्या जलद मार्गाने जातात आणि जलद मार्गाला फलाट नसलेली विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर ही स्टेशनं वगळली जातात. तिथे कार्यक्रमाला जायचं असेल तर घाटकोपर, भांडुप किंवा मुलुंडला उतरून रिक्षा करा. कल्याणच्या पुढे मुळात दोनच मार्गिका असलेल्या भागात ब्लॉक घेतला तर वळवायला वाटच नसते, गाड्या सरळ रद्द होतात. ब्लॉकची घोषणा एक-दोन दिवस आधी होते. लग्नाला निघायच्या आदल्या रात्री ती वाचा.

पावसात गाड्या का थांबतात? पाऊस तर दरवर्षी येतो.

खरंय, येतो. पण कारणं एकाहून जास्त आहेत. गाडी रुळाच्या कोणत्या तुकड्यावर उभी आहे हे कळावं म्हणून रुळांतून बारीकसा वीजप्रवाह सोडलेला असतो. रुळांवर पाणी चढलं की यंत्रणेला वाटतं तुकडा व्यापलेला आहे, आणि सिग्नल लाल होतो. म्हणजे गाडी नसतानाही लाल. शिवाय लोकलच्या मोटारी डब्याखाली, चाकांजवळ असतात. फार पाण्यातून गाडी नेली तर त्या जळतात. मस्जिद, माटुंगा, शीव, कुर्ला हे सखल भाग आहेत आणि भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर पाणी समुद्रात उतरत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाची आठवण लाईनवरचा प्रत्येक जुना माणूस न विचारता सांगेल.

आपल्याकडे, कल्याणच्या पुढे, धोका उल्हास नदीचा. जुलै २०१९मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली होती. सुमारे हजार प्रवाशांना बोटींतून बाहेर काढलं. तेव्हा पावसाळ्यात बॅगेत बिस्किटं, पाण्याची बाटली आणि फोनसाठी पॉवर बँक ठेवा. गाडी मधेच थांबली तर लगेच रुळांवर उड्या मारू नका. शेजारच्या मार्गावरची गाडी चालू असू शकते.

पाऊस नसतानाही उशीर का?

सिग्नल बिघडला, तार तुटली, पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा) अडकला, जनावर आडवं आलं, ही नेहमीची कारणं. यांखेरीज एक कारण रोजचं आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल यांचे मार्ग एकमेकांना छेदतात, विशेषतः कल्याणला, जिथे दोन्ही फाट्यांच्या गाड्या एकमेकींसमोरून जातात. एक एक्सप्रेस उशिरा आली की तिच्या मागे आठ-दहा लोकल खोळंबतात. कल्याण यार्डाची फेररचना त्यासाठीच हाती घेतली आहे.

लोकलला इंजिन कुठे असतं? (हा मुलांचा प्रश्न आहे, पण मोठेही विचारतात.)

वेगळं इंजिन नसतं. काही डब्यांच्या खालीच मोटारी असतात आणि दोन्ही टोकांना चालकाची केबिन, म्हणून गाडी न वळवता उलटी नेता येते. पुढे मोटरमन, मागे गार्ड. मागच्याने घंटेचे दोन ठोके दिले की पुढचा गाडी हलवतो, एक ठोका म्हणजे थांब. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला अशी हार्बरने धावली, १,५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. मेन लाईनवर आता २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह आहे. तेव्हा टपावर चढण्याचा विचारही नको. तारेला हात लागावा लागत नाही, जवळ गेलं तरी पुरतं.

दारात उभं राहणं खरंच इतकं धोक्याचं आहे का? सगळेच तर राहतात.

आहे. वळणावर गाडी आतल्या बाजूला कलते आणि दोन गाड्या एकमेकींजवळून जातात, तेव्हा बाहेर झुकलेल्या पाठीवरची बॅग पुरेशी असते. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही जीव गेले. त्यानंतर नव्या बिगर-एसी गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं रेल्वेने जाहीर केलं. त्या गाड्या सगळीकडे दिसेपर्यंत एक गाडी सोडणं आपल्या हातात आहे. उशीर झाल्याबद्दल साहेब बोलला तर बोलू दे.

गाडीत पिशवी राहिली. आता?

१३९वर फोन करा किंवा लगेच स्टेशन मास्तरकडे जा. सांगायला तीन गोष्टी लागतात: गाडी कोणती (८.१२ची कर्जत जलद, असं), तुमचा डबा पुढून किंवा मागून कितवा, आणि पिशवी रॅकवर होती की खाली. 'मधला कुठलातरी डबा' म्हटलंत तर शोधणाऱ्याने काय करावं? छेडछाड, चोरी, आजारपण यांसाठीही १३९ हाच क्रमांक.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्यात झेंडूची तोरणं कशाला?

दसऱ्याला सुट्टी असते, म्हणून आदल्या दिवशी, खंडेनवमीला, रोजचे ग्रुप आपापला डबा सजवतात. हँडलना आंब्याची पानं, खिडक्यांना तोरणं, मोटरमनच्या केबिनला हार, नारळ, पेढे. काही डब्यांत टाळ-मृदंगाचं भजनही होतं. आठवडाभर आधी कुणीतरी वही घेऊन वर्गणीला येईल. पहिल्या वर्षी दिलीत की दुसऱ्या वर्षी ती वही बहुतेक तुमच्याच हातात असेल.